सर्जनशील लेखनाची पदवी घ्यावी का, आणि घ्यायची तर गद्य की कविता?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आठ वर्षं आपलं आपण लिहिल्यावर आता विद्यापीठात जाऊन सर्जनशील लेखन शिकावं का? अर्जात ‘गद्य’ आणि ‘कविता’ यांपैकी एकाच चौकटीत खूण करायची आहे, ती कोणत्या? आणि लेखन मुळात शिकवता येतं का? तुमच्याकडे चाळीसेक कविता, अकरा कथा आणि एक अर्धवट कादंबरी आहे. लिहिता मराठीत, पण अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा आहे, असंही तुम्ही लिहिलं आहे. मी बावीस वर्षं हा विषय शिकवते आहे आणि त्याआधी विद्यार्थिनी म्हणून शिकले आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की बाकीचे दोन बरेच सोपे होतात.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पद्यरचनेचा वर्ग १८९७ साली भरला. १९२२ साली त्याच विद्यापीठाने उच्च पदवीसाठी प्रबंधाच्या जागी कथा-कविता स्वीकारायचं ठरवलं, आणि १९३६ साली तिथली लेखक कार्यशाळा उभी राहिली. आज जगभर जे अभ्यासक्रम चालतात त्यांतल्या बहुतेकांचा साचा तिथला आहे. पण या कार्यशाळेने स्वतःबद्दल मांडलेली भूमिका फार सावध आहे. लेखन शिकवता येत नाही हे लोकांचं म्हणणं आम्हाला काही अंशी मान्य आहे, मात्र असलेली प्रतिभा वाढवता येते असं धरून आम्ही चालतो, अशा अर्थाची ती भूमिका आहे. मला ती प्रामाणिक वाटते, पण थोडी अपुरीही. एक गोष्ट नक्की शिकवता येते, आणि ती शिकताना मी शेकडो जणांना पाहिलं आहे. आपलाच खर्डा परक्याने लिहिल्यासारखा वाचणं, ही ती गोष्ट.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण हातात यायला वर्षं लागतात. आपण आपलं लिहिलेलं वाचतो तेव्हा कागदावरचं फार थोडं वाचतो. उरलेलं डोक्यातून भरून घेतो. एका विद्यार्थिनीच्या कथेत वाक्य होतं, ‘आई गेल्यावर घर खूप रिकामं वाटू लागलं आणि प्रत्येक गोष्टीत तिला आईची आठवण येऊ लागली.’ हे लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने नंतर सांगितलं. वर्गातल्या एकाही वाचकाला त्या वाक्याशी काही झालं नाही. ‘प्रत्येक गोष्टीत’ म्हणजे कोणत्या गोष्टीत, असं कुणीतरी विचारलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, चष्मा. दुसऱ्या खर्ड्यात ते सगळं वाक्य गेलं आणि त्याच्या जागी आलं, ‘चष्म्याची दांडी अजून काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.’ तो दोरा तिच्या डोक्यात पहिल्यापासून होता. तो कागदावर नाही, एवढंच तिला दिसत नव्हतं. तिला कुणी प्रतिभा दिली नाही. आपल्या डोक्यात काय आहे आणि कागदावर काय उतरलं आहे, यातलं अंतर तिला कुणीतरी दाखवलं. विद्यापीठात विकत मिळण्यासारखी वस्तू ही आहे आणि माझ्या मते ती मोलाची आहे.

हे घडतं ते कार्यशाळेत, म्हणून तिची रीत समजून घ्या. साधारण आठ ते बारा जण असतात. आठवडाभर आधी एकाचं लिखाण सगळ्यांना वाटलं जातं, प्रत्येकाने ते दोनदा वाचून, समासात टिपणं करून यायचं असतं. पारंपरिक रीतीत त्या दिवशी लेखकाने बोलायचं नाही. बाकीचे त्याच्या देखत त्याच्या लिखाणावर बोलतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत लेखक प्रश्न विचारतो. गप्प बसण्यामागे विचार आहे: छापलेल्या पुस्तकासोबत लेखक वाचकाच्या घरी जात नाही, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे सांगायला तो तिथे नसतो. पहिल्या वर्षी ही शिस्त फार उपयोगी पडते.

पण तिची दुसरी बाजूही मी भोगली आहे. मी विद्यार्थिनी असताना माझ्या एका कथेवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. शिक्षकांना एकच घाट आवडत असे: कमी शब्द, कोरडे संवाद, शेवट उघडा. माझी कथा गोष्ट सांगणाऱ्या म्हातारीच्या तोंडून होती, पसरट, वळणं घेत जाणारी. सगळ्यांनी मिळून ती सोलली, आणि मला बोलायची मुभा नसल्याने हा पसरटपणा मुद्दाम आहे हेही सांगता आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी गद्य लिहिलं नाही. म्हणून आज माझ्या वर्गात लेखक गप्प बसत नाही. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली प्रतिसाद देण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत मांडली, तिचा मी आधार घेते. आधी वाचकांनी सांगायचं की त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग लेखकाने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग वाचकांनी लेखकाला प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. ‘शेवट इतका ढोबळ का केला?’ हा प्रश्न नव्हे. आणि मत सर्वांत शेवटी, तेही लेखकाची परवानगी घेऊन. मूळ पद्धत नृत्यासारख्या सादर होणाऱ्या कलेतून आली, पण खर्ड्यालाही ती नेमकी बसते. तुम्ही ज्या विभागात जायचा विचार करता आहात तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना विचारा की कार्यशाळा कशी चालते, लेखकाला बोलता येतं का, शिक्षक स्वतःच्या घाटाबाहेरचं लिखाण कसं वाचतात. विभागाचं नाव किती मोठं आहे यापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, गद्य की कविता. बहुतेक ठिकाणी प्रवेश एकाच प्रकारात मिळतो, पण दुसऱ्या प्रकाराचे एक-दोन वर्ग घेता येतात. ते घ्याच. मी याबद्दल फार आग्रही आहे, आणि कारण सविस्तर सांगते.

कवितेच्या वर्गात पहिले काही आठवडे मी फक्त ओळ कुठे तोडायची यावर घालवते. एका मुलाने आणलेलं वाक्य घ्या: ‘दार उघडलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि तू आत आला नाहीस.’ त्याने ते असं तोडलं होतं:

दार उघडलं तेव्हा
पाऊस थांबला होता
आणि तू आत आला नाहीस

इथे ओळी वाक्याच्या सांध्यावरच तुटतात, म्हणजे तोडण्याने काहीच घडत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून येतो. हा आपल्या भाषेने कवीच्या हातात ठेवलेला मोठा ऐवज आहे. तो वापरून पाहू:

दार उघडलं तेव्हा पाऊस
थांबला होता आणि तू आत आला
नाहीस

आता दुसऱ्या ओळीच्या टोकाशी तो माणूस क्षणभर आत येतो, आणि पुढच्या ओळीवर दार पुन्हा रिकामं होतं. वर्गात हे वाचल्यावर एक मुलगी म्हणाली, मला तो आत आला असं पूर्ण वाटलंच नाही. तिचा कान बरोबर होता. ‘तू’ला होकारात ‘आलास’ हवं, नुसत्या ‘आला’वर मराठी कान आधीच सावध होतो. त्या मुलाने मग ‘तू’चा ‘तो’ केला:

थांबला होता आणि तो आत आला
नाही

इथे ‘तो आत आला’ हे धड, पूर्ण वाक्य आहे आणि ‘नाही’ ते पूर्णपणे मागे घेतं. फसगत पुरी झाली, पण बदल्यात कवितेतली जवळीक गेली, कारण ‘तू’ म्हणून ज्याला बोलावलं होतं तो आता परका झाला. कोणतं ठेवायचं, यावर तासभर वाद झाला. त्याने शेवटी ‘तू’ ठेवलं आणि म्हणाला, कान आधीच सावध होतो तेच मला हवं आहे, कारण दार उघडणाऱ्यालाही आधीपासून माहीत आहे. एका अक्षराच्या एका शब्दावरचा हा तासभर म्हणजे कवितेचं शिक्षण. दुसरं काही मोठं गुपित त्यात नाही.

हाच मुलगा पुढच्या सत्रात कथेच्या वर्गात आला तेव्हा त्याने स्वतःचा परिच्छेद मोठ्याने वाचला आणि मध्येच थांबला. ‘होता, होती, होतं, होता.’ नऊपैकी सात वाक्यं तिथेच जाऊन आपटत होती. मराठी गद्य भूतकाळात लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा ठेका छळतो, पण ज्याने ओळीचं टोक कधी तपासलेलं नाही त्याला तो ऐकूच येत नाही. याने काही वाक्यं चालू वर्तमानात नेली, काहींत क्रियापद पुढे आणलं, काही दोन वाक्यं ‘तेव्हा’ने जोडली, एका ठिकाणी क्रियापद काढूनच टाकलं. कवितेचा अभ्यास गद्यात ‘काव्यात्म’ वर्णनं आणण्यासाठी करायचा नसतो. वाक्याच्या टोकाचं वजन कळावं म्हणून करायचा.

वृत्तांबद्दलही दोन शब्द. मुक्तछंद लिहिणारे विद्यार्थी म्हणतात, आता गण, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचे तीन-तीनचे गट, कशाला मोजायचे? मी त्यांना महिनाभर मोजायला लावतेच. भुजंगप्रयातात चार ‘य’ गण, म्हणजे प्रत्येक चरणात १२ अक्षरं. ‘मनाचे श्लोक’ ऐकत वाढलेल्याच्या कानात ती चाल आधीच असते, ती फक्त कागदावर मांडून पाहायची. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा असल्याने तिथे आवाज आपोआप खाली बसतो. हे एकदा जिभेवर आलं की मुक्तछंदातही ‘इथे तोकडं करावं’ हे सुचायला लागतं. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमात ही वृत्तं कुणी शिकवणार नाही. तिथे आघातांवर चालणारा छंद शिकवतील, तो मन लावून शिका, पण मराठी ओळ आघाताने नव्हे तर लघु-गुरूने किंवा अभंगासारखी अक्षरसंख्येने मोजली जाते हे विसरू नका. तुमचा छंदशास्त्राचा अभ्यास तुम्हालाच समांतर करावा लागेल.

उलट बाजूने, गद्य कवीला काय देतं? काळ आणि दुसरा माणूस. माझ्याकडे येणाऱ्या तरुण कवींच्या पन्नास कवितांत पन्नास वेळा ‘मी’ असतो, आणि तो नेहमी एकटा, रात्री, खिडकीपाशी असतो. त्यांना मी कथेच्या वर्गात पाठवते आणि एकच काम देते: दोन माणसं, एक खोली, दोघांना एकच वस्तू हवी आहे, आणि भावनेचं नाव घेणारा एकही शब्द चालणार नाही. पहिल्या प्रयत्नात दोन्ही माणसं कवीसारखंच बोलतात. तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात एखादा माणूस असं काही बोलतो की लिहिणारा स्वतः चकित होतो. तो चकित होण्याचा क्षण पुन्हा कवितेत परततो. मग कवितेतला ‘मी’सुद्धा कुणाशी तरी बोलू लागतो.

गद्याच्या वर्गात दृष्टिकोन, निवेदक, काळाची मांडणी, संवाद हे सगळं येईल, ते कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. एका नियमाबद्दल मात्र सावध करते: ‘सांगू नका, दाखवा.’ नवशिक्याला तो उपयोगी आहे, वर चष्म्याच्या दांडीने तेच काम केलं. पण मराठी गद्याचा एक मोठा प्रवाह सांगण्यातूनच आला आहे. बखर सांगते, कीर्तनकार सांगतो, आजी सांगते, आणि ते सांगणं इतकं जिवंत असतं की दाखवण्याची गरज उरत नाही. तुमच्या कथा तशा वळणाच्या असतील तर ‘हे सांगणं आहे’ एवढ्यावरून कुणी लाल रेघ मारली तर ती निमूट मान्य करू नका. सांगणारा आवाज कुणाचा आहे, तो विश्वासाचा आहे का, त्याला ऐकत राहावंसं वाटतं का, हे प्रश्न विचारा.

माध्यमाच्या भाषेबद्दल मी स्पष्ट बोलते. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमात तुम्ही मराठी खर्डा मांडू शकणार नाही, त्याचं भाषांतर मांडाल. वर म्हटलेला ‘आला / नाहीस’ भाषांतरात मरतो, कारण इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येऊन बसतो. म्हणजे तुमच्या कवितेचं सर्वांत नाजूक काम वर्गाला दिसणारच नाही. गद्याचं तसं नाही. प्रसंगांची रचना, निवेदकाचं अंतर, प्रकरण कुठे संपवायचं, हे भाषांतरातही तपासता येतं. आणि स्वतःच्या कथेचं भाषांतर करताना दर वाक्यामागे ‘मला इथे नेमकं काय म्हणायचं होतं’ हे विचारावं लागतं, तोही खर्डा परक्यासारखा वाचण्याचाच एक मार्ग आहे.

पदव्यांचे प्रकार थोडक्यात. अमेरिकेतली एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) दोन ते तीन वर्षांची असते, शेवटी पुस्तकाएवढं हस्तलिखित द्यावं लागतं. बऱ्याच विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या बदल्यात शुल्क माफ होतं आणि निर्वाहवेतन मिळतं. तसं मिळत नसेल तर मोठं कर्ज काढून ही पदवी घेऊ नका. या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही, प्रकाशकाचीही नाही. ब्रिटनमध्ये एम.ए. पूर्णवेळ केल्यास साधारण एका वर्षाची असते. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने ती १९७० साली सुरू केली. काझुओ इशिगुरो तिथून १९८० साली शिकून बाहेर पडले, १९८२ साली त्यांची पहिली कादंबरी आली आणि २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. अशी नावं प्रत्येक विभाग आपल्या माहितीपत्रकात छापतो, पण त्याच वर्गात बसलेल्या बाकीच्यांना काय मिळालं, ते तुम्ही स्वतः माजी विद्यार्थ्यांकडून काढा. पीएच.डी.त सर्जनशील हस्तलिखितासोबत समीक्षात्मक प्रबंधही लिहावा लागतो. तुम्हाला शिकवायचं असेल तरच तिकडे वळा. नोकरी सोडवत नसेल तर वर्षातून दोनदा काही दिवस प्रत्यक्ष जायचं आणि उरलेले महिने एका मार्गदर्शकाशी पत्राने खर्ड्यांची देवघेव करायची, अशीही एम.एफ.ए. असते. ही रीत अमेरिकेतल्या गॉडर्ड कॉलेजने १९७६ साली सुरू केली. मला ती फार आवडते, कारण त्यात प्रतिसाद लेखी मिळतो आणि लेखी प्रतिसाद देणाऱ्याला विचार करून बोलावं लागतं.

एक गोंधळ नेहमी होतो, म्हणून सांगते. आयोवाचाच १९६७ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम ही पदवी नव्हे. तिथे आधीच लिहीत असलेल्या लेखकांना काही काळ राहायला बोलावतात. मराठी कवी दिलीप चित्रे १९७५ साली तिथे गेले ते या कार्यक्रमासाठी.

तर तुमची खूण कुठे? अनेकजण ज्या प्रकारात सहज लिहितात तो निवडतात. मी उलटं सुचवते: ज्यात तुम्ही पुन्हा लिहायला तयार असता तो निवडा. तुम्ही लिहिलं आहे की कविता एका बैठकीत उतरते आणि तिला नंतर हात लावावासा वाटत नाही, पण कथा तुम्ही पाच-सहा वेळा लिहून काढता. आणि वर म्हटल्याप्रमाणे, भाषेच्या अडचणीत गद्याचं नुकसान कमी होतं. ‘गद्य’वर खूण करा आणि कवितेचा वर्ग पहिल्याच सत्रात ऐच्छिक म्हणून घ्या. तिथे तुमच्या चाळीसमधली अशी एक कविता न्या जिला हात लावायची तुम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते.

अर्जासोबत गद्याचे साधारण वीस ते तीस पानांचे नमुने मागतात, ब्रिटनमध्ये बहुधा त्याहून कमी. पानं भरण्यासाठी तीन कथा देऊ नका. दोन द्या, आणि त्यांत जी जास्त वेळा लिहून काढली आहे ती आधी ठेवा. निवड करणारे शेकडो नमुने वाचतात, पहिल्या दोन पानांत त्यांना लिहिणाऱ्याचा कान कळतो. ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ हे वाक्य उद्दिष्टपत्रात नको. सध्या कोणत्या खर्ड्यात अडकला आहात आणि नेमकं काय सुटत नाही, ते लिहा. अर्धवट कादंबरी अर्जात पाठवू नका, कारण तिचा शेवट तुम्हालाच अजून माहीत नाही आणि सुटं प्रकरण तिच्यावर अन्याय करेल. पहिल्या कार्यशाळेत तुमची पाळी आली की तिचं पहिलं प्रकरण घेऊन जा, आणि वर्गाला एकच प्रश्न विचारा: वाचताना तुम्ही कुठे थांबलात?